थंडीत पिल्लू खात नसेल तर आधी ब्रूडर बघा

डिसेंबर-जानेवारीत निफाड, सिन्नर भागात पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि एकच तक्रार कानावर येते: कोंबडीच्या पिल्लांची नवी बॅच खाद्याला तोंड लावत नाही. अशा वेळी हात जातो भूकवाढीच्या टॉनिककडे. माझं कळकळीचं सांगणं आहे, बाटली उघडण्याआधी ब्रूडरजवळ, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या उपकरणाजवळ, गुडघ्यावर बसा आणि पिल्लांच्या उंचीवरची हवा हाताला कशी लागते ते बघा.

पिल्लाची भूक ठरते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये. तिथे एनपीवाय नावाचं रसायन वाढलं की पिल्लू चोच मारू लागतं. उपाशी पिल्लात ते वाढतंच. पण भीती किंवा ताण आला की सीआरएफ हे दुसरं रसायन सुटतं आणि भूक मारून टाकतं. घ्रेलिन या संप्रेरकाची गोष्ट तर उलटीच आहे. माणसाला, जनावराला ते भूक लावतं; कोंबडीच्या पिल्लाच्या मेंदूत गेलं की खाणं कमी होतं. जपानमध्ये मित्सुहिरो फुरुसे आणि सहकाऱ्यांनी हे २००१ साली दाखवलं. म्हणून गाई-वासरांवरचे अंदाज इथे लावू नयेत.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात पॉल सीगल यांनी १९५७ पासून व्हाइट प्लायमाउथ रॉक कोंबड्यांची दोन घराणी वाढवली. निवड फक्त आठव्या आठवड्याच्या वजनावर, एक घराणं जड, एक हलकं. हलक्यातली काही पिल्लं आपणहून खातच नाहीत. या घराण्यातल्या पिल्लांना जन्मताच गारठा आणि उपास घडवला, तर पुढे काही दिवसांनी मेंदूत एनपीवाय देऊनही त्यांची भूक वाढली नाही. आपलं ब्रॉयलर एवढं नाजूक नाही, हे खरं. तरीही पहिल्या दोन दिवसांच्या थंडीकडे मी या प्रयोगामुळे फार गंभीरपणे बघतो.

आता शेडमध्ये काय करायचं? पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच ब्रूडर पेटवा. वरची हवा लवकर तापते, खाली अंथरलेलं तूस गारच राहतं आणि पिल्लू उभं असतं तुसावर. खात्री करायची तर पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर तूस गार आहे. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस हवं, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. पडदे खालून घट्ट लावा, पण वरून फट ठेवा. कोळशाची शेगडी असेल तर ही फट कधीही बंद करू नका, त्या धुराने पिल्लं मरतात आणि माणूसही.

पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून कुणी म्हणतं घाई नको. हे चूक आहे. लवकर खाल्लं की बलकही लवकर जिरतो आणि आतडं वाढतं. आल्या आल्या कोमट पाणी द्या. चिकगार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या कुंपणाच्या, आत कागद अंथरून त्यावर थोडं थोडं, पण वरचेवर खाद्य टाका आणि बोटाने टकटक करा. कोंबडी चोचीने पिल्लांना बोलावते, तसाच तो आवाज त्यांना ओढतो. एकटं पडलेलं, चिवचिवणारं पिल्लू उचलून घोळक्यात सोडा; एकटेपणाचाही ताणच असतो.

चोवीस तासांनी तीस-चाळीस पिल्लं वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलून गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. शंभरातल्या ९५ पिल्लांची पिशवी भरलेली आणि मऊ लागायला हवी. कडक लागली तर खाद्य आहे, पाणी कमी पडतंय. रिकामी लागली आणि पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढलेली असतील तर उष्णता वाढवा; ऊब आहे, तरी खात नाहीत, सुस्त आहेत, बेंबी ओली आहे, तर तो आजार समजून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.

ही तपासणी एकदा पहाटे चार-पाचच्या सुमाराला करा. दुपारी पसरून मजेत खाणारी पिल्लं त्या वेळी कशी दिसतात, ते बघा.