चित्र-संगीताचा लाइव्ह प्रयोग: या चुका टाळा

सगळ्यात आधी वायफाय. दुपारी रिकाम्या सभागृहात तालीम नीट झाली, म्हणून रात्रीचा प्रयोगही वायरलेसवरच करायचा, ही चूक मी सतत बघतो. मी स्वतःही केली आहे. सॅक्सोफोन, टॅबलेटवर रेषा काढणारी चित्रकार आणि पडदा सांभाळणारा मी, असे आम्ही तिघं होतो. तिच्या प्रत्येक रेषेचे आकडे ओएससीने, म्हणजे कला-संगीताची यंत्रं एकमेकांना संदेश पाठवतात त्या पद्धतीने, माझ्या लॅपटॉपवर येत होते. मग लोक आत आले, प्रत्येकाच्या खिशात फोन. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गर्दी झाली, कारण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यात ओएससी बहुतेकदा यूडीपी या नेटवर्कच्या पद्धतीने जातं, आणि हरवलेलं पॅकेट यूडीपी पुन्हा पाठवत नाही. दहाव्या मिनिटाला पडद्यावरच्या रेषा तुटायला लागल्या. सॅक्सवाल्याला वाटलं, ती विराम घेते आहे. तो थांबला. तो थांबला म्हणून तीही थांबली. पुढचा सगळा प्रयोग आम्ही बिचकतच केला, कारण समोरचा गप्प आहे की त्याचं काही अडलंय, हेच कळेना.

तेव्हापासून माझ्या पिशवीत २० मीटरची कॅट-६ नेटवर्क केबल असते. आणि ‘पेन उचललं’ हा संदेश मी तीनदा पाठवतो. तो एक हरवला तर रेष पडद्यावर अडकून बसते.

उशीर कमी करायला बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती तुकडे, म्हणजे सॅम्पल, हाताळतो तो आकडा) ६४ वर आणून आवाज तडतडू देऊ नका. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे जेमतेम ५ मिलिसेकंद. खरा उशीर बऱ्याचदा प्रोजेक्टरच करतो, त्याचा गेम मोड लावून बघा.

घरघर आली म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणाऱ्यासोबत मी काम करत नाही. त्यासाठी ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे आवाजाच्या वायरचंच ग्राउंड तोडायचं बटण असलेला, डीआय बॉक्स असतो. तो वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये जोडतात.

आता माझा खरा राग. आवाज वाढला की पडद्यावरचं वर्तुळ मोठं, कमी झाला की लहान. पाच मिनिटांत बघणाऱ्याला युक्ती कळते आणि पडद्यावर नुसता मीटर उरतो. टचडिझायनर या लाइव्ह चित्रांच्या सॉफ्टवेअरचं तयार पॅच, म्हणजे दुसऱ्याने जुळवलेली मांडणी, उतरवून आठवडाभरात रंगमंचावर जायची घाई असली की हेच होतं. सोबतचा वादक जीव ओतून सुचेल ते वाजवत असतो, त्याला निदान ऐकणारं चित्र तरी द्या. मी आवाजाच्या पातळीपेक्षा स्वराचा आरंभ, त्यातली खरखर आणि विरामाची लांबी जास्त वापरतो. शांतता चार सेकंदांहून लांबली की माझं चित्र कडेकडून विरायला लागतं. वादकाला ते दिसतं आणि कधी कधी तो ती शांतता मुद्दाम ताणतो. त्यासाठी प्रत्येक वाद्याला वेगळा माइक हवा, नाहीतर ड्रमचा आवाज सगळ्यांच्या माइकमध्ये शिरतो आणि शांतता कधी येतच नाही.

अपडेट आणि नोटिफिकेशन बंद. वादकांना पडदा दिसेल असं बसवा. तो पाठीमागे असेल तर त्यांच्यासमोर एक छोटा मॉनिटर ठेवा. आणि एका बटणावर पूर्ण काळा पडदा ठेवा, माझ्याकडे तो स्पेसबारवर असतो.