पूर्ण संख्यांची पुनर्मांडणी करताय? या चुका टाळा

०, १, २, ३… या सगळ्या संख्या वेगळ्या क्रमाने मांडायच्या. एकही दोनदा यायला नको, एकही राहायला नको. अटी दोन आहेत, आणि लोक पहिली तपासून दुसरी गिळून टाकतात. कित्येकांची तर पहिलीही धड तपासून होत नाही.

मागे एक पोरगा वही नाचवत आला. रेकामान या गणितज्ञाच्या नावाची क्रमिका, म्हणजे नियमाने काढलेली संख्यांची ओळ. नियम सोपा: n व्या पायरीला मागच्या पदातून n वजा करा, उत्तर ऋण आलं किंवा आधीच येऊन गेलेलं असलं, तर n मिळवा. ०, १, ३, ६, २, ७, १३, २०, १२, २१, ११… “सर, सगळी पदं वेगळी!” वीस पदं काढली होती, विसावं ६२. म्हटलं, बस इथेच, अजून पाच काढ. ४२, ६३, ४१, १८… आणि पुन्हा ४२. कुठेतरी चुकलं म्हणून त्याने दोनदा मोजलं. चुकलं काहीच नव्हतं. हा नियम वजाबाकीवर पहारा ठेवतो, बेरजेवर नाही. आणखी पाच मिनिटं दम धरला असता तर त्यालाच दिसलं असतं.

बरं, निदान सगळ्या संख्या तरी येतात का? १९ उगवतो थेट ९९,७३४ व्या पायरीला. ८,५२,६५५ तर अफाट मोजणी करूनही सापडलेला नाही. सगळ्या येतात हा क्रमिकांचा कोश उभारणारे गणितज्ञ नील स्लोन यांचा अंदाज, सिद्धता नाही.

माझी सवय सांगतो. प्रत्येक पदानंतर ‘अजून न आलेली सर्वांत लहान संख्या’ शेजारी लिहायची. ती पुढे सरकेना की शंका घ्यायची. आणि उलटा नियम, म्हणजे कुठली संख्या कितव्या जागी आहे हे सांगणारा नियम, लिहिता येईपर्यंत मी कशालाच पुनर्मांडणी म्हणत नाही. काँप्युटरवर दहा लाख पदं काढली म्हणजे सिद्धता झाली असं मानणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

याच्या उलट घाईही दिसते. गणितज्ञ कोलात्झ यांची पुनर्मांडणी ०, १, ३, २, ६, ४, ९, ५… बघून “७ आणि ८ गेले कुठे?” म्हणत ती बाद करतात. अहो, ० पासून मोजलं तर ७ नवव्या जागी आहे, ८ अकराव्या.

संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहून तिचे अंक सरसकट उलट क्रमाने लावू नका: १० (म्हणजे २) आणि १०० (म्हणजे ४) दोन्ही उलटून १ च होतात. पहिला १ जागेवर ठेवा, बाकीचे उलटवा. मग ४, ५, ६, ७ चे ४, ६, ५, ७ होतात.

ग्रे कोड, म्हणजे लागोपाठच्या दोन संख्यांत एकच बायनरी अंक बदलेल अशी मांडणी, दोनदा लावून मूळ संख्या परत मिळेलच असं नाही. ४ चा ६, ६ चा ५, ५ चा ७, आणि तेव्हा कुठे ७ चा ४.

आणि शून्य. जागा ० ऐवजी १ पासून मोजल्यात तर उलट्या नियमाच्या यादीतलं प्रत्येक पद एकाने सरकतं, आणि मग रात्री अकराला मला फोन येतो.