जिनिंगच्या सॉफ्टवेअरचं दुखणं कसं ओळखायचं

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं, सॉफ्टवेअर मी सांभाळतो. कोणी त्याला नवी जोडणी (दुसरा प्रोग्रॅम किंवा एआय) मागितली की मी आधी कोड उघडत नाही, काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, हातात घेतो. गाडीचं वजन झालं की तो आकडा पुढे कुठे कुठे जातो, ते कागदावर बाण काढून मांडा.

सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत 12 टक्क्यांच्या वर ओलाव्याचा कापूस घेत नाहीत. दुखण्याची पहिली खूण इथेच: हा 12 लिहिलाय कुठे? आमच्याकडे तीन जागी सापडला: काट्याच्या स्क्रीनमध्ये, बिलाच्या प्रोग्रॅममध्ये आणि कापसाची प्रत सांगणाऱ्या एआयला दिलेल्या सूचनेत. एक बदलला, दोन राहिले, की भांडण शेतकऱ्याच्या दारात. नियम एकाच तक्त्यात ठेवा, बाकीच्यांनी तिथून वाचावा.

दुसरी खूण, मूळ ईआरपीच्या (सगळा हिशेब सांभाळणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरच्या) टेबलात परस्पर लिहिणारी जोडणी. आमची अशीच एक अपडेटनंतर ऐन आवकेत मोडली, लोक रात्रभर थंडीत गाड्यांवर बसले. मला ते अजून बोचतं. एपीआयमधूनच, म्हणजे ईआरपीने दिलेल्या अधिकृत वाटेनेच, जा.

एआयची परीक्षा घ्यायला नेट बंद करून बघा. फोटोवरून प्रत सांगणारं मॉडेल गप्प झालं तरी ग्रेडरला हाताने प्रत भरता आली पाहिजे, आणि कोणी ठरवली त्याची नोंदही.