व्हिसाचं बघण्याआधी रूट कागदावर मांडा

बहुतेक जण काय करतात, स्वस्त तिकीट दिसलं की बुक करून मोकळे होतात आणि मग म्हणतात व्हिसाचं बघू नंतर. उलटं करा. आधी एक कागद घ्या, त्यावर विमान जिथे जिथे टेकणार ती सगळी ठिकाणं तारखांसकट ओळीने लिहा, येतानाची पण, आणि प्रत्येकापुढे लिहा की आपल्या पासपोर्टला तिथे काय लागतं: काहीच नको, ऑनलाइन परवानगी, ई-व्हिसा, ऑन अरायव्हल की आधीच काढलेला व्हिसा. आपल्या पासपोर्टला हे महत्त्वाचं, सोबतच्याचा पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असेल तर त्याचे नियम साफ वेगळे निघू शकतात.

हे सांगतोय कारण मी स्वतः आपटलोय. पैसे वाचतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली, मधे चार तास होते, एअरपोर्टच्या बाहेर पडायचंच नव्हतं म्हणून ट्रान्झिट व्हिसाचा विचारही केला नाही. चेक-इनला ती मुलगी म्हणाली, सर तिकिटं वेगळी आहेत, बॅग पुढे टॅग होणार नाही, म्हणजे तुम्हाला मधे इमिग्रेशन पार करून बॅग घ्यावी लागेल आणि परत चेक-इन करावं लागेल, तर त्या देशाचा व्हिसा दाखवा. दाखवतो काय, कपाळ! बोर्डिंग पास मिळालाच नाही.

तिचंही चुकलं नव्हतं म्हणा. प्रवेश नाकारला की प्रवाशाला परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर येते, बऱ्याच देशांत वर दंडही बसतो, म्हणून ते लोक टिमॅटिक नावाच्या सिस्टीममध्ये नियम बघूनच सोडतात, तिथे हुज्जत घालून काही होत नाही. आणि अमेरिकेत तर तिकीट एकच असलं तरी सुटका नाही, नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं, त्यामुळे व्हिसा किंवा पासपोर्ट व्हिसा-माफीवाला असेल तर एस्टा (म्हणजे ऑनलाइन परवानगी) हवाच.

आता पासपोर्ट उघडा. बरेच देश सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. शेंगेनचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचं, वेगळं, तिथून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने आणि पासपोर्ट मागच्या 10 वर्षांत काढलेला पाहिजे. दोन कोरी पानं आहेत का बघा, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवा.

शेंगेनबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. सध्या 29 देश आहेत, आयर्लंड आणि सायप्रस त्यात नाहीत. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा, दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवासाला 15 दिवस राहिले की दार बंद. निदान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो.

व्हिसा हातात आला की तीन गोष्टी नीट वाचा. समजा तुमची ट्रिप 5 ते 14 जूनची आहे आणि स्टिकरवर 5 जून ते 29 जून छापलंय. लोक खूश होतात, वा, 25 दिवस मिळाले! नाही मिळाले. खाली दिवसांच्या रकान्यात 10 लिहिलंय, तेवढेच तुमचे, वरचे 15 दिवस फ्लाइट पुढे ढकलली वगैरे तर त्यासाठी सवलत म्हणून असतात. तिसरं म्हणजे एंट्री, 01 असेल तर पॅरिसहून लंडनला जाऊन परत पॅरिसला येता येणार नाही, बाहेर पडलात की संपलं, 'मल्ट' (मल्टिपल, म्हणजे अनेकदा) असेल तरच परत आत. आणि येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात, रात्री नाही. व्हिसा न लागणाऱ्यांनाही कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस हीच मर्यादा आहे, आणि ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटरच दिवस मोजायला लागलाय, तेव्हा 'शिक्का पुसट होता' वगैरे विसरा.

अमेरिकेचा हिशोब वेगळाच. व्हिसावरची तारीख म्हणजे तोपर्यंत दारात जाता येतं इतकंच, आत किती राहायचं ते आय-94 वर, म्हणजे आत येताना होणाऱ्या सरकारी नोंदीवर, जी तारीख पडते ती ठरवते. दहा वर्षांचा व्हिसा आहे म्हणून निवांत राहिलेले लोक अडकतात ते यामुळे.

अर्ज फक्त सरकारी साइटवरून करा. सर्च केल्यावर वर ज्या जाहिराती येतात त्यातल्या बऱ्याच नुसत्या एजंटच्या असतात, दिसतात अगदी सरकारी आणि फी घेतात दुप्पट-तिप्पट.

यलो फिव्हरचा (पीतज्वराचा) पट्टा, म्हणजे हा रोग असलेले देश, मधे येत असेल तर लस प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट त्यानंतरच लागू होतं, मग मात्र आयुष्यभर चालतं. काही देश त्या पट्ट्यातल्या एअरपोर्टवर 12 तासांहून जास्त थांबलात तरी ते मागतात. लहान मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र बरोबर ठेवा.

व्हिसा आहे म्हणजे प्रवेश पक्का असं नसतं, शेवटचा शब्द काउंटरवरच्या ऑफिसरचा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, इन्शुरन्स यांच्या प्रिंट हातातल्या बॅगेत ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी तिथेच मरते. विचारेल तेवढंच उत्तर द्या. शिक्का मारला तर पुढे सरकण्याआधी तारीख तिथेच वाचा, चुकली असेल तर त्याच खिडकीत दुरुस्त होते.