एमपीएचला अर्ज करताना कोड विचारून घ्या
परवा नौपाड्याहून भाची अमेरिकेतल्या एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) कोर्सेसची यादी घेऊन आली. रँकिंग, फी, थंडी, सगळं वहीत होतं. सीआयपी कोडचा, म्हणजे अभ्यासक्रम कोणत्या विषयात मोडतो ते सांगणाऱ्या अमेरिकी सरकारी क्रमांकाचा, रकानाच नव्हता. अगं, तोच आधी बघ! साध्या पब्लिक हेल्थचा ५१.२२०१ हा कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांच्या) सरकारी यादीत नाही, म्हणजे शिक्षण झाल्यावर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) काम १२ महिनेच. एपिडेमिऑलॉजीचा २६.१३०९ किंवा बायोस्टॅटिस्टिक्सचा २६.११०२ असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. एकाच नावाच्या कोर्सला दोन विद्यापीठांत वेगळा कोड असू शकतो. आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर) तो छापून येतोच, पण डिपॉझिट भरण्याआधी विभागाकडून मेलवर लेखी घ्या. सीईपीएचची (पब्लिक हेल्थच्या कोर्सेसना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मान्यताही बघा. प्रॅक्टिकम (कोर्समधलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) कुठे मिळतं, ते तिथे शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनाच विचारा.