गजर लावण्याआधी तिथी बघा: मार्च-एप्रिलमध्ये खाडीवरचे पक्षी

परतीच्या वाटेवरचे पाणपक्षी ठाणे खाडीत बघायचे तर रविवार आपला, पण वेळ भरतीची. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी ठिपक्याएवढे दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो, मग ते उठून दुसरीकडे जातात. पाणी चढताना पक्षी काठाकडे सरकत येतात, ते दोन-अडीच तास साधायचे.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-एक तास पुढेमागे होतो, म्हणून आदल्या रात्री भरतीचं वेळापत्रक पडताळा. अष्टमीच्या आसपासचा रविवार शक्यतो टाळाच. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, भरती कमी चढते आणि पक्षी लांबच राहतात.

आता जागा. शिवडी आणि भांडुप पंपिंग स्टेशन खाडीच्या पश्चिम काठावर, त्यामुळे सकाळी ऊन थेट डोळ्यांत आणि पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या. पौर्णिमा-अमावास्येच्या सकाळी नेरूळच्या टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळचा काठ धरा, ऊन पाठीशी येतं. साडेआठला पोचा. चिखल बुडाला की सीवूड्सच्या तळ्यांकडे वळा, रोहित (फ्लेमिंगो) आणि छोटे पाणपक्षी भरतीत तिथे विसावतात. शिवडी चतुर्थीच्या दुपारी चांगली: साडेचारनंतर पाणी उतरत असतं आणि ऊन मागून येतं. ऐरोलीहून बोटीने जायचं असेल तर फेऱ्या भरतीनुसार ठरतात, आधी नोंदणी करा.

दुर्बीण ८×४२ पुरते. दहानंतर तापलेल्या चिखलावर हवा थरथरते, तेव्हा स्कोपचं (एकनळी मोठ्या दुर्बिणीचं) विवर्धन वाढवलं तर चित्र आणखी फाटतं. ते कमी करा किंवा जवळचे पक्षी बघा. माणशी दीड लिटर पाणी आणि टोपी हवीच.

ओळख पटवताना इथे बहुतेक जण फसतात. हिवाळाभर राखाडी दिसणारे पक्षी या दिवसांत विणीचा पिसारा चढवतात. कर्ल्यू सँडपायपर या छोट्या पाणपक्ष्याच्या पांढऱ्या पोटावर आधी विटकरी डाग उमटतात, मग डाग जुळत जुळत अख्खं पोट तांबूस होतं. एकाच थव्यात या सगळ्या पायऱ्या दिसतात. सँड प्लोव्हरच्या छातीवर नारिंगी पट्टा येतो, तपकिरी डोक्याच्या कुरवाचं (गल पक्ष्याचं) डोकं खरंच तपकिरी होतं. म्हणून रंग शेवटी बघा. आधी चोचीची लांबी आणि बाक, मग पाय, मग खाण्याची पद्धत: प्लोव्हर चार पावलं धावतो, थांबतो, टोचतो, सँडपायपर मान खाली घालून सतत चिखल शिवत जातो. पायात रंगीत पट्टी दिसली तर रंगांचा वरून खाली क्रम, कोणता पाय आणि अक्षरं लगेच लिहा.

थवा मोजताना दहा पक्षी नीट मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांत धरा आणि थव्यावर सरकवत न्या.

जवळ जाण्याचा मोह आवरा. हे पक्षी लांबच्या उड्डाणासाठी चरबी साठवत असतात, आणि एकदा उडवलं की खाणंही थांबतं, साठाही खर्च होतो. खाणारी डोकी एकदम वर आली की तिथेच थांबा. तरीही ती खाली गेली नाहीत तर दहा पावलं मागे या.