एचआयव्हीसोबत जगताना अंगावरून पांढरं जात असेल तर: तपासणी, औषध आणि पुढची काळजी

अंगावरून पांढरं जायला लागलं की मेडिकलमधून 'एक डोस'ची गोळी आणायची, हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय. ती बहुतेक वेळा फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅम असते. ती बुरशीवर चालते, जिवाणूंवर नाही. म्हणून आठ दिवसांनी तक्रार पुन्हा तिथेच येते आणि बाईला वाटतं, एचआयव्हीमुळे आता काहीच लागू पडत नाही. तसं नसतं. बहुतेक वेळा औषधच चुकलेलं असतं.

निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू भरपूर असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) 4.5 च्या खाली ठेवतात. ते कमी झाले की गार्डनरेला, प्रिव्होटेला यांसारखे जिवाणू वाढतात. केसपेपरवर डॉक्टर याला 'बीव्ही' लिहितात, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये, विशेषतः सीडी-4 (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असताना, हा त्रास जास्त दिवस रेंगाळतो. शिवाय त्यामुळे योनीस्रावातला एचआयव्हीचा विषाणूही वाढू शकतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतल्या सात देशांमधल्या जोडप्यांच्या अभ्यासात, बीव्ही असलेल्या स्त्रियांकडून नवऱ्याला लागण होण्याचा धोका साधारण तिप्पट दिसला. त्या स्त्रिया अभ्यासाच्या सुरुवातीला एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधं) घेत नव्हत्या. एआरटी नियमित चालू असेल आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) अनडिटेक्टेबल, म्हणजे तपासणीत न दिसण्याइतका कमी, टिकून असेल, तर संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही.

घरी काय बघायचं

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, बिनवासाचा, थोडा चिकट स्राव येतो. तो नैसर्गिक आहे, त्याला औषध लागत नाही. बीव्हीचा स्राव पातळ, करडा-पांढरा असतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. संबंधानंतर हा वास वाढतो, कारण वीर्य अल्कधर्मी असतं. खाज फारशी नसते. दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव, जोरदार खाज आणि लाली असेल तर बुरशीचा संशय घ्यावा. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव आणि लघवीला जळजळ असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या परजीवीचा संसर्ग. अर्थात, नुसत्या वर्णनावर औषध ठरवू नका. दोन संसर्ग एकदम असतात, आणि ट्रायकोमोनास पुष्कळदा काहीही लक्षण दाखवत नाही.

तपासणीला जाताना

एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंना सांगा, त्या सुरक्षा क्लिनिकला (सरकारी गुप्तरोग तपासणी केंद्र) पाठवतात. आदल्या 24 तासांत संबंध टाळा, योनीत क्रीम किंवा गोळी ठेवू नका, आतून धुऊ नका. पाळी चालू असेल तर थांबा, कारण रक्तामुळे पीएच खोटा वाढतो. मात्र ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर पाळीसाठी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

चार गोष्टी बघतात: स्राव पातळ आणि एकसारखा आहे का, पीएच 4.5 पेक्षा जास्त आहे का, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर वास उठतो का, आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्लू सेल्स दिसतात का. क्लू सेल म्हणजे जिवाणूंचा थर बसून कडा पुसट झालेली योनीची पेशी. चारपैकी तीन जुळल्या की बीव्ही. पीएचची पट्टी योनीच्या बाजूच्या भिंतीला लावायची असते. गर्भाशयमुखाचा चिकट द्रव अल्कधर्मी असल्यामुळे तो लागला तर आकडा चुकतो.

सरकारी ठिकाणी पुष्कळदा तपासणीआधीच औषधांचं हिरवं किट मिळतं. त्यात सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅम असतं. ते घ्यायला हरकत नाही, पण गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा. आठवड्यात फरक पडला नाही तर दुसरं किट न मागता स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं उपकरण) लावून तपासणी आणि स्लाइड (स्रावाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) करून मागा.

औषध

बीव्हीसाठी मेट्रोनिडाझोल 400 किंवा 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पूर्ण 7 दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी गडद होते. दोन्ही तात्पुरतं आहे, घाबरून गोळी सोडू नका. या दिवसांत दारू नको. दुसरा पर्याय म्हणजे क्लिंडामायसिन 2 टक्के क्रीम, 5 ग्रॅम, रात्री झोपताना, 7 दिवस. हे क्रीम तेलकट असतं. त्यामुळे लावत असताना आणि नंतर 5 दिवस लॅटेक्सच्या निरोधवर भरवसा ठेवता येत नाही. खोबरेल तेलानेही निरोध फाटतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास जातो आणि तिथेच गोळ्या थांबवल्या जातात. बीव्ही परतण्याचं हे एक मोठं कारण. ट्रायकोमोनास निघाला तर एचआयव्ही असलेल्या स्त्रीला एका डोसपेक्षा 7 दिवसांचा मेट्रोनिडाझोलचा कोर्स जास्त उपयोगी पडतो. जोडीदारालाही औषध द्यावंच लागतं आणि 3 महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. टीएलडीची गोळी (एआरटीची रोजची गोळी) या सगळ्यात रोजच्या वेळेला चालूच ठेवा, मेट्रोनिडाझोलशी तिचं भांडण नाही.

पूर्ण कोर्स करूनही वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना बीव्ही पुन्हा होतो. मग जोडीदाराच्या उपचाराबद्दल डॉक्टरांशी बोला. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पुरुषाला 7 दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगाला लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिल्यावर बीव्ही परतण्याचं प्रमाण 12 आठवड्यांत 63 वरून 35 टक्क्यांवर आलं.

धुणं, धुरी आणि तुरटी

बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, एवढंच पुरे. डेटॉल, साबण, तुरटीचं पाणी, लिंबू, 'व्ही-वॉश' म्हणून विकलं जाणारं काहीही आत नको. वास घालवायला जितकं आतून धुवाल तितके लॅक्टोबॅसिलस वाहून जातील आणि वास परत येईल. बाळंतपणानंतर शेगडीवर ओवा-शेपा टाकून धुरी घ्यायला लावतात. सासूबाईंचा आग्रह मायेचा असतो, पण टाक्यांच्या आणि सुजलेल्या जागेला त्याने भाजू शकतं. शेक पाठीला घ्या, खाली नको.

दिवस राहिले असतील तर

बीव्हीमुळे कळा वेळेआधी सुरू होण्याचा धोका वाढतो, म्हणून स्राव किंवा वास असेल तर लपवू नका. मेट्रोनिडाझोल गरोदरपणात देता येतं. फ्लुकोनाझोलच्या गोळीऐवजी क्लोट्रिमाझोल योनीत ठेवायला देतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी टीएलडीबरोबर घेतल्या तर त्यातलं डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. सगळं जेवणाबरोबर एकत्र घ्या, नाहीतर टीएलडी 2 तास आधी किंवा 6 तास नंतर. 32 ते 36 आठवड्यांत व्हायरल लोड झालाय का, हे आठवणीने विचारा.

आणि स्पेक्युलम लावलंच आहे तर गर्भाशयमुखाची तपासणी त्याच वेळी करून मागा. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना तिथल्या कर्करोगाचा धोका सुमारे 6 पट असतो. जागतिक आरोग्य संघटना त्यांच्यासाठी वयाच्या 25 व्या वर्षापासून, दर 3 ते 5 वर्षांनी एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणी सुचवते. एचआयव्ही आहे म्हणून कुणी तपासायला नकार दिला तर 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तो भेदभाव ठरतो. तक्रार कुठे करायची हे 1097 या मोफत क्रमांकावर विचारता येतं.